विझलेल्या राबातला लाल उजेड

मित्रांनो, जव्हारच्या टेलिफोन केंद्रातल्या लोखंडी कपाटात, पिवळ्या मऊ कापडात गुंडाळून ठेवलेला मी एक जुना लेझर आहे. दिसायला जाडसर पेनासारखा. पाठीवर काळे रबरी बटण, तोंडाला टोपण. टोपण काढून बटण दाबले की माझ्या तोंडातून लाल उजेड निघतो. माझ्या तोंडाला डोळा लावून मात्र कधी पाहू नका, डोळ्याला इजा होते.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात मोहरीहून लहान स्फटिक बसवला आहे. वीज मिळाली की तोच उजेड फेकतो. त्याच्याजवळच्या हिरव्या पाटीवर तांब्याच्या रेघा छापल्या आहेत आणि वीज त्या रेघांवरून चालते. बटणाच्या खालच्या अंगाला काळ्या कार्बनचा एक ठिपका छापलेला होता. बटण दाबले की तो दोन रेघांवर टेकायचा आणि त्यांना जोडायचा. पुस्तक छापतात तशी विजेची वाटही छापता येते, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

दोन हजार सालानंतर जव्हारहून मोखाड्याकडे जमिनीखालून नवी केबल गेली. तिच्या आत केसाएवढे काचेचे धागे होते. या धाग्यांतून माणसांचे बोलणे उजेडाच्या रूपाने धावते. तो उजेड माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, माझा दिसतो. धागा जिथे तुटतो तिथे माझा उजेड बाहेर सांडतो. ती जागा दाखवणे हेच माझे काम.

मला वापरायची ती प्रतिभा. ती जव्हारची, शेतकरी घरातली, विज्ञान शिकून खात्यात लागलेली. दोन धाग्यांची टोके विजेच्या ठिणगीने वितळवून ती एक करायची, तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरायची. या केबलवरचे सगळे सांधे तिनेच केले होते.

आणि एका उन्हाळ्यात मोखाड्याचे फोन अचानक मुके झाले.

दोन दिवसांनी वरच्या कचेरीतले साहेब अंतर मोजायचे मोठे यंत्र घेऊन मोखाड्याच्या केंद्रात आले. यंत्राने दोष बरोबर प्रतिभाच्या एका सांध्यापाशी दाखवला.

"सांधा तुमचाच ना, मॅडम?" साहेबांनी विचारले.

"माझाच. पण सांध्याच्या इतक्या जवळ या यंत्राला वेगळे दिसत नाही, साहेब. दोष सांध्यात आहे की थोडा पलीकडे, हे त्याला सांगता येत नाही."

"उद्या बाहेरची टोळी येईल. ती तुमचे सगळे सांधे कापून नव्याने करेल. तुम्ही आता ऑफिसात बसून बिलांचं काम बघा."

 प्रतिभाने मला खिशातून काढले, केबलच्या टोकाला जोडले आणि बटण दाबले. मी पेटलो नाही. तिने सेल बदलले, पुन्हा दाबले, तरी मी अंधारच. मित्रांनो, त्या क्षणी मला किती ओशाळल्यासारखे झाले म्हणून सांगू! तिच्या हातातले काम जायची वेळ आली होती, आणि मी मुका.

तिने मला उघडले. दाबून दाबून बटणाखालचा काळा ठिपका झिजून गेला होता.

"गेला का बिचारा?" बाजूला उभे असलेले लाइनमन रोहिदास म्हणाले. वयाने ते तिच्या वडिलांएवढे होते.

"नाही काका. बाजारातून चित्रकलेची मऊ पेन्सिल आणा. आणि थोडा डिंक."

"चित्र काढताय होय? काढा. साहेबांचं काढा, रागावलेलं."

तिला हसू आले, पण हात थांबला नाही. तिने पेन्सिलीतले शिसे, म्हणजे कार्बनच, कुटून मैद्यासारखे बारीक केले. त्यात नखभर डिंक घातला, जास्त घातला तर वीज अडते. कागदाला गोल भोक पाडून तो कागद रबरावर धरला आणि भोकातून काळा लेप आत दाबला. माझ्या बटणावर नवा ठिपका छापला गेला. तो उन्हात वाळला.

"औषध लागू पडतंय का बघा," रोहिदास म्हणाले.

प्रतिभाने बटण दाबले आणि मी भक्कन पेटलो!

मग मला केबलला जोडून, रोहिदासांच्या हाती सोपवून ती साहेबांबरोबर जीपने निघाली. "बटण सोडू नका हं, काका."

"अंगठा मोडला तरी सोडत नाही. जा तुम्ही."

मित्रांनो, माझे अंग मोखाड्याच्या टेबलावर होते, पण माझा उजेड काचेच्या धाग्यातून शेतांखालून, ओढ्याखालून डोळ्याची पापणी लवायच्या आत तिच्या सांध्यापाशी पोचला होता. आता वाट होती फक्त तिच्या येण्याची.

सांध्याची पेटी रस्त्याकडेच्या खड्ड्यात होती. शेजारच्या शेतात तुका आणि त्याची बायको सरू काम करत होती. उन्हात लाल दिसेना, म्हणून प्रतिभाने त्यांच्याकडून घोंगडी मागून घेतली आणि साहेबांना म्हणाली, "या आत." दोघे घोंगडीखाली वाकले. तिने पेटी उघडली, एकेक सांधा निरखला.

आत गच्च काळोख होता. कुठल्याही सांध्यातून माझा एक थेंबही सांडत नव्हता.

"तुमचा पेन बंद पडला असेल," साहेब म्हणाले.

प्रतिभाने एक धागा बोटावर हलकेच वाकवला. त्या वळणावर मी लाल चमकलो. म्हणजे मी सांध्यातून सुखरूप पार होऊन पुढे चाललो होतो.

"सांधा चांगला आहे, साहेब," ती हळूच म्हणाली. "दोष पुढे आहे."

ती घोंगडी घेऊन जव्हारच्या दिशेने चालू लागली. थोड्याच अंतरावर जमीन काळी पडलेली होती. ती राबाची जागा. भाताची रोपे टाकण्याआधी इथले शेतकरी पाला, फांद्या आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात.

"दादा, हा राब कधी भाजला?"

"परवा," तुका म्हणाला.

फोनही परवाच बंद पडले होते. प्रतिभाने खाली बसून राख बाजूला सारली आणि माती उकरली. चार बोटे खाली केबल लागली. तिचे काळे आवरण वितळून आतल्या नळ्या उघड्या पडल्या होत्या. तिने वर घोंगडी धरली.

सरूनेही खाली डोकावून पाहिले. "अगं बाय, आतमंदी अजून इस्तव हाय! परवाचा राब, आन् अजून इझला नाय." ती पाण्याची कळशी उचलायला धावली.

"थांबा मावशी, पाणी नको," प्रतिभा हसत म्हणाली. "हात लावून बघा. गार आहे."

सरूने भीत भीत बोट लावले. "गार इस्तव," ती तुकाला म्हणाली. "ये, तू बी बघ."

तो विस्तव म्हणजे मी! फुटलेल्या काचेतून मी लालेलाल सांडत होतो.

पण तुकाचा चेहरा उतरला होता. "मॅडम, राब माझाच. इथं समदा कातळ. येवढीच माती उकरलेली, भुसभुशीत गावली, म्हून इथं केला. मना काय ठावं, खाली तार हाय."

साहेबांचा आवाज चढला. "सरकारी केबल जाळलीत तुम्ही..."

प्रतिभाने उघड्या केबलवर आपली चार बोटे आडवी टेकवून दाखवली. "साहेब, केबल माणसाच्या कमरेहून खोल पुरायची असते. कातळ लागला म्हणून खोदणाऱ्यांनी इथेच सोडून दिली. तुकादादांनी आपल्या शेतात राब केला. त्यांना दिसणार कसं?"

साहेबांनी वाकून त्या गार विस्तवाला स्वतः बोट लावून पाहिले. मग म्हणाले, "टोळीला येऊ नका म्हणून कळवतो. इथला सांधाही तुम्हीच करा."

तुकाने पहार आणली. कातळ फोडून खोल चर काढला आणि त्याच संध्याकाळी प्रतिभाने जळका तुकडा कापून नवी केबल जोडली. मोखाड्यात रोहिदासांच्या टेबलावरचा फोन खणखणला तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने उचलला. उजवा अंगठा माझ्या बटणावरच होता.

त्यानंतर मी कितीतरी वर्षे राबलो. आता माझा स्फटिक मंदावला आहे आणि माझ्याहून प्रखर उजेडाची नवी यंत्रे आली आहेत. कोणी कोणी माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना सेलसकट तसेच टाकून देतात. सेल पाझरले की आतल्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकतात. म्हणून मित्रांनो, माझ्यासारखे काही घरात असेल तर ठेवण्याआधी त्यातले सेल काढत जा. जमीन उकरण्याआधी किंवा भाजण्याआधी खाली काय गेले आहे ते विचारत जा, आणि पुरणाऱ्यांनी ते शेतकऱ्याला सांगत जावे. आणि एखादी गोष्ट बंद पडली, तर शेवटचा हात कोणाचा लागला होता ते शोधत बसू नका. आधी आत उजेड सोडा आणि तो जिथे सांडेल तिथवर चालत जा.