लताबाईंचा हुंकारा

“तिथे नका ठेवू, हिलालभाऊ,” पितांबर सर म्हणाले आणि माझ्या हातातली दोन्ही पुस्तकं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली. मी ती त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाखालच्या बाजेवर ठेवायला निघालो होतो. बाजेवर घडी घातलेली गोधडी होती, दुसरं कोणी नव्हतं. सरांच्या पत्नी लताबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

मी देवपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. एक्क्याण्णव साली आमच्याकडे कॉम्प्युटर आले. नारळ फुटला, खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला, आणि शिकवणारं कोणी नाही हे सगळ्यात शेवटी लक्षात आलं. मग गणिताच्या पितांबर सरांना धरून आणलं. त्यांच्या वाट्याला अल्गोरिदम आले. म्हणजे एखादं काम यंत्राला कोणत्या क्रमाने, कसं सांगायचं, ते शास्त्र. त्यासाठी पुस्तक एकच ठरवायचं होतं, आणि एकदा प्रती घेतल्या की अभ्यासक्रम बदलेपर्यंत तेच चालणार होतं. साक्री-शिरपूरकडची पोरं आधीच इंग्रजीला बिचकणारी. पहिल्याच पुस्तकाने तोंड फिरवलं असतं, तर ती पुन्हा त्या खोलीकडे फिरकली नसती.

एक पुस्तक परदेशी, चांगलं जाडजूड. प्राचार्य रतिलाल सरांना तेच हवं होतं, कारण मोठ्या शहरांत ते लागलं होतं. आमच्याकडे पुस्तकंही केळीच्या घडासारखी वजनावर पसंत होतात. दुसरं पातळ, करड्या कव्हराचं, कोणाच्या नजरेत न भरणारं.

सरांची पुस्तक पारखायची रीत फक्त मला ठाऊक होती, कारण आमच्या घरांची भिंत एक. लग्न झाल्यापासून सर उद्याचा धडा आज संध्याकाळी लताबाईंना अहिराणीत सांगत. बाई सातवी शिकलेल्या. आमच्या खानदेशात कहाणी सांगणाऱ्याला कोणीतरी हुंकारा द्यावा लागतो, नाहीतर कहाणी जागची हलत नाही. लताबाई बाजेवर बसून तांदूळ निवडत आणि मध्येच विचारत, “मंग?” तो त्यांचा हुंकारा. तो आला की धडा पुढे जाई. नाही आला, तर सर मागे फिरून दुसरी वाट धरत. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून मीही गणितात पास व्हायला हवा होतो, पण पालथ्या घड्यावर पाणी.

“ती गेल्यापासून मला कळतच नाही, पोचतंय की नाही,” सर म्हणाले. “वर्गात पोरं माना हलवतात. मान काय, झाडंही हलवतात.”

मी म्हटलं, मी देतो हुंकारा. त्यांनी जाड पुस्तकातलं एक पान मला सांगून पाहिलं. मी भलत्याच ठिकाणी ‘मंग’ म्हणालो, आणि एकदा तर वाक्य पुरं व्हायच्या आत. सर हसले. ग्रंथपालाला सगळीच पुस्तकं गोड लागतात, म्हणाले. मी चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर पांझरा नदीकडून वारा सुटला होता. मी झाडांना पाणी घालत होतो. पलीकडे सरांचा आवाज सुरू झाला. बाजेसमोर खुर्ची ओढून ते जाड पुस्तक सांगत होते. थांबत, वाट पाहत, पुन्हा तेच सांगत. निंबाची पानं गोधडीवर पडत होती. शेवटी त्यांनी ते पुस्तक मिटलं आणि करडं उघडलं.

“समज, तुले डिक्शनरीमा एक शब्द शोधना शे,” सर म्हणाले. “मधलं पान उघाड. शब्द मांगे शे का पुढे, तेवढंच देख. आन् अर्ध पुस्तक सोडी दे.”

ते थांबले. वाराही पडला होता. मी बादली खाली ठेवली. मला काहीच ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण सर मान वर करून हसले आणि हलकेच म्हणाले, “सांगस, सांगस.” म्हणजे, सांगतो, सांगतो.

मग दिवस मावळेपर्यंत ते सांगतच राहिले. मी उरलेलं पाणी न घालताच घरात गेलो.

बैठकीत रतिलाल सरांनी विचारलं, एवढं नावाजलेलं पुस्तक सोडून हे काडीपेटीएवढं का? पितांबर सरांनी करडं पुस्तक जवळ ओढलं.

“घरी हे आवडलं,” ते म्हणाले.

रतिलाल सरांनी लताबाईंच्या हातचं भरीत किती वेळा खाल्लं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि करड्या पुस्तकाच्या प्रती मागवायला मला सांगितलं.

कॉलेज उघडलं. पहिल्या तासाला मी पुस्तकं घेऊन गेलो आणि दाराशीच रेंगाळलो. बाहेर चपलांचा ढीग, आत सर. त्यांनी तेच उदाहरण घेतलं. मधलं पान उघडा, अर्धं पुस्तक सोडून द्या, असं म्हणून सवयीने थांबले. पोरांनी माना हलवल्या. सर थांबूनच राहिले. खडू बोटांत तसाच. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

“मंग?”

मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या तोंडून निघून गेलं होतं. साक्रीकडची, मंदा नावाची. वर्ग फिस्सकन हसला. तिने जीभ चावली आणि मान खाली घातली.

“सांगस,” सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.