साळुंक्यांचे पासपोर्ट फोटो

फोटोवाल्यांनी उभा जन्म स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढण्यात घालवला. हनुवटी वर, खांदे सरळ, आणि हसायचं नाही. स्टुडिओ बंद केल्यावर घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा परसातल्या पाखरांचे फोटो काढावेत, असं त्यांनी ठरवलं. पण सुंभ जळला तरी पीळ जातो होय? पहिल्याच दिवशी त्यांनी परसात स्टूल मांडलं, मागे निळा पडदा ताणला आणि भिंतीवरच्या साळुंकीला म्हणाले, "या, बसा."

सांगून खोटं वाटेल, पण ती बसली. हनुवटी म्हणावी असं तिला काही नव्हतं, तरी जे होतं ते तिने वर केलं.

तिचं बघून इतर साळुंक्या आल्या, मग चिमण्या, मग बुलबुल. भिंतीवर रांग लागू लागली. कावळा मध्येच घुसायला बघायचा, तर साळुंक्या त्याला टोचून मागे धाडायच्या. फोटोवाले रीतसर प्रत्येकाच्या चार प्रती काढून दोरीवर लावायचे आणि संध्याकाळपर्यंत त्या गायब व्हायच्या.

"अहो, वाऱ्याने उडतात त्या," बायको म्हणायची.

"वारा काय ज्याचा त्याला नेऊन देतो?"

पंचाईत मेव्हण्यामुळे झाली. तो दातांचा डॉक्टर, शिवाय पक्षिमित्र मंडळाचा अध्यक्ष. प्रदर्शनासाठी दिलेले फोटो त्याने यंदाही परत आणले. "भावोजी, ही पाखरं आहेत की व्हिसाला निघालेली मंडळी? आम्हाला नैसर्गिक वर्तन हवं. भांडताना, पिल्लांना भरवताना. उद्या प्रदर्शन आहे, आज संध्याकाळी येतो, एक तरी द्या."

हे फोटोवाल्यांच्या जिव्हारी लागलं. मेव्हण्याच्या कॅमेऱ्यातलं धूसर घुबड दरवर्षी प्रदर्शनाच्या भिंतीवर झळकायचं आणि कॅमेऱ्यावर संसार केलेल्या माणसाचा तिथे एकही फोटो नाही! त्यांना अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

संध्याकाळी ते शिडी लावून छपराखालच्या भोकापाशी चढले. आत साळुंकीचं घरटं होतं. गवत, दोरे, आणि कडेने नीट खोचलेल्या तिच्याच चार प्रती. त्यांच्यापुढे ती चोचीत अळी धरून उभी होती आणि पिल्लांनी पिवळीधमक तोंडं आ वासली होती. असा फोटो मंडळात कुणी बापजन्मात काढला नव्हता. फोटोवाल्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

साळुंकीने कॅमेरा पाहिला. अळी बाजूला ठेवली, अंग ताठ केलं, चोच वर केली. मग पिल्लांवर एक डोळा वटारला. पिल्लांनी पटापट तोंडं मिटली आणि श्वास रोखून सरळ बसली.

अळी हळूहळू निघून चालली. कुणी हललं नाही. सगळ्यात लहान पिल्लू भुकेने कापत होतं, तरी तोंड उघडेना.

"अगं, भरव की त्यांना," फोटोवाले कळवळून म्हणाले. साळुंकी ढिम्म.

त्यांनी कॅमेऱ्यावर झाकण बसवलं आणि आवाज न करता खाली उतरले. वर एकदम चिवचिवाट उसळला.

शिडीखाली मेव्हणा रिकामी फ्रेम घेऊन उभा होता. "काय भावोजी, मिळाला फोटो?"

"गिऱ्हाईक जेवतंय," फोटोवाले म्हणाले. "हळू बोल."