ठिणगीला दिलेला पहिला नंबर

मी जुना झालो म्हणून भंगारात पडलो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, मित्रांनो. मी राळेगावच्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातला, कंट्रोलर आहे, भिंतीवरचा लोखंडी डबा. अवघे तीन हंगाम झाले मला. डोकं अजून ठणठणीत आहे. संतापानं तापलंय एवढंच.

माझ्या पोटात मेंदू एक आणि कामं सात. एका वेळी एकच काम होतं, म्हणून प्रत्येकाला नंबर असतो. ज्याचा आकडा मोठा, ते आधी. सगळ्यात मोठं काम ठिणगी पाहण्याचं. कापसातून खडा किंवा खिळा आला की यंत्रात ठिणगी उडते आणि पाइपातून थेट कापसाच्या ढिगाकडे निघते. पाइपात बसवलेल्या माझ्या डोळ्याला ती दिसली की पापणी लवायच्या आत मी कापूस पुढे ढकलणारा पंखा थांबवायचो. मला बसवणाऱ्या मोनालीताईंनी या कामाला सात नंबर दिला. दारावरच्या पाटीला, जिच्यावर गाठींचा आकडा झळकतो, एक. मग माझ्या डोळ्यासमोर टॉर्च चमकवून पंखा थांबतो का ते पाहिलं आणि झाकणाच्या आत कागद चिकटवला: 'मोठा आकडा आधी.'

ढिगावर रुपीबाई काम करायच्या. येता-जाता माझ्यावर हात ठेवून म्हणायच्या, "तू हायेस म्हणून आमी बिनघोर आहो, बाप्पा."

यंदा खरेदीच्या मुहूर्ताला पाहुणे येणार होते आणि पाटीवरचा आकडा अधूनमधून अडकत होता. मालक सदाशिवरावांनी इंद्रजित मिस्त्रीला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, सेटिंग पाहिली आणि हसला.

"मालक, सारं उलटंच करून ठेवलं हो! पाटीले पहिला नंबर अन् ठिणगीले सातवा? असं कोनी करते काय?"

"मंग सरळ कर नं. मले पाहुन्याईसमोर शरम नोको."

सरळ! शाळेचा निकाल लावावा तसा त्यानं ठिणगीला पहिला नंबर दिला आणि पाटीला सातवा. कागदाला त्यानं खर्रा मळलेली, तंबाखूची बोटं पुसली. टॉर्च तर खिशातून काढलाच नाही. पाटी मात्र झरझर पळू लागली. मालक खूश! त्यांनी माझी पाठ थोपटली, मला कुंकू लावलं. पण पाटी क्षणभरही दम घेत नाही, मित्रांनो. तिनं जागा सोडल्याशिवाय ठिणगीची पाळी येत नाही.

मुहूर्ताचा नारळ फुटला आणि तासाभरात ठिणगी उडाली. माझा डोळा उघडा होता, पण मेंदू पाटीवर आकडे लिहीत बसला होता. ढीग पेटला. रुपीबाईंनी सगळ्या बायांना ओरडून बाहेर काढलं, जळता कापूस हातानं ओढून फेकला. त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

"डबाच खराब निंघाला," मालक म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला जे सांगितलं, तेच मी केलं होतं. ते चूक आहे हे ओरडून सांगायला मला तोंड नाही, याचा मला सर्वात जास्त राग येतो.

आज अगदी माझ्यासारखाच नवा डबा आलाय. मी कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांवर पडून ऐकतोय. इंद्रजित मिस्त्री मोठ्यानं म्हणतोय, "ठिणगीले एक नंबर. झालं!" हाताला अजून पट्टी असलेल्या रुपीबाई ढिगाकडे निघाल्यात. नव्या डब्यावर डावा हात ठेवून म्हणतात, "तू तरी धोका देऊ नोको, बाप्पा."

मित्रांनो, मला उचलू नका, पुसू नका. पळत जा आणि कोणालातरी त्या नव्या डब्याच्या डोळ्यासमोर टॉर्च चमकवायला सांगा. पंखा थांबला नाही, तर रुपीबाईंना आत जाऊ देऊ नका.