सहा वाटे

खाडीवर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायची आमची एक रीत होती. ओहोटीला आम्ही सहाजणी चिखलात उतरायचो, मिळेल ते काठावर एकाच ढिगात ओतायचो आणि सारखे सहा वाटे घालायचो. मग एकीने पाठ फिरवायची, दुसरीने एकेका वाट्यावर हात ठेवून विचारायचे, "हो कोणाचो?" पाठमोरी जिचे नाव घेईल, तिचा तो वाटा. त्यामुळे तिसऱ्यांवरून आमच्यात कधी भांडण झाले नाही.

एकोणसाठ साली काठावर काजूचा कारखाना आला. बाकीच्या पाचजणी तिथे कामाला लागल्या. टरफलांचे तेल माझ्या हातांना सोसेना, म्हणून मी एकटी खाडीतच राहिले. भट्टीचे काळे पाणी ओहळातून थेट खाडीत यायचे. दोन वर्षांत तिसऱ्या मेल्या. नवऱ्यामागे मी त्यांच्यावरच जगत होते.

मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. घरोघर गेले, विनवले, भांडलेसुद्धा. त्या पाचजणींतली शेजारची सुभद्रा कामावरून दमून यायची, तरी माझ्याबरोबर फिरली. देवळात गुरवाने गाऱ्हाणे घातले, "खाडीचा पाणी पयल्यासारख्या कर रे म्हाराजा," आणि अख्ख्या गावाने "होय म्हाराजा" म्हटले. सगळ्यात मोठा आवाज सुभद्राचा होता. मास्तरांनी अर्ज लिहिला, त्यावर घराघरातले अंगठे उठले, आणि मी तो चालत मालवणच्या कचेरीत नेऊन दिला. देवापुढे होय म्हटले म्हणजे काय वाटेल ते झाले तरी गाव माझ्यामागे उभे राहील, असे मी धरून चालले. तिथेच चुकले.

कचेरीतले साहेब आले, नाकाला रुमाल लावून ओहळ बघितला आणि कारखान्याच्या शेठला खड्डे खणून पाणी मुरवायला सांगून गेले. आम्हाला वाटले, खाडी सुधारेल आणि कारखानाही चालेल. शेठने एकही खड्डा खणला नाही. चतुर्थी झाल्यावर त्याने भट्ट्याच उचलल्या आणि दुसऱ्या गावी नेल्या.

चाळीस बायका घरी बसल्या. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरे झाले असते. मी विहिरीवर गेले की बोलणी थांबायची. सुभद्राने आमच्या दोन घरांमधली वाट काट्या टाकून बुजवली. टाकताना एकदाच बोलली.

"तुका खाडी व्हयी होती, ती गावली. आता आमची चूल तू पेटव."

तिचे खरे होते. माझेही खरे होते, पण ते कुणाला सांगणार? घरात बोलायला भिंती होत्या.

दीड वर्षाने पाणी निवळले. चिखलात पायाला पहिली तिसरी लागली तेव्हा मी तिथेच रडले. पाची दारांत जाऊन सांगितले. कुणी आले नाही.

दुसऱ्या ओहोटीला एकटीनेच काढल्या, काठावर ओतल्या आणि सवयीने सहा वाटे घातले. पाठही फिरवली. उभी राहिले. मागून कुणी विचारीना. मग मीच वळले, एकेका वाट्यावर हात ठेवून विचारले, आणि मीच नावे घेतली. पाच वाटे परत पाण्यात सोडले.

घरी येताना काट्यांपाशी थांबले. सुभद्राच्या दारात धूर दिसत होता.

"सुभद्रा गो, तुझो वाटो खाडीत ठेवलंय," मी म्हटले. "जितो आसा. येशीत तेव्हा काढ."

आत भांडे खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग मी घरात गेले.