ट्रकवरून उडालेली ताडपत्री

मी एक जुनी, निळी ताडपत्री आहे. मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये, इतकं ते खरं आहे. सरकून बसा, माझ्या ठिगळावर पाय देऊ नका.

माझा जन्म कारखान्यातला, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर मी आभाळाचा तुकडा. मंगरूळपीरच्या दुकानात माझी घडी घातली, त्या दिवशी गावावर तेवढंच आभाळ कमी पडलं होतं. मदनसिंग आणि रुपाबाई या नवरा-बायकोनं मला विकत घेतलं आणि आपल्या तांड्यावर आणलं.

दरवर्षी सोयाबीन निघालं की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक यायचा. घरांना कुलपं लागायची आणि आम्ही दूर उसाच्या फडात जायचो. तिथे मी कोपीचं, म्हणजे आमच्या झोपडीचं, छप्पर. उसाच्या पाचटाचा गोडसर वास माझ्या अंगात भिनला, तो अजून आहे. संध्याकाळी माझ्या भोकांतून चांदण्या आत डोकवायच्या. एकदा तर एक चांदणी रुपाबाईच्या पिठातच पडली. ती भाकर खाताना मदनसिंगचे दात लखलखत होते! "हिच्याखाली लय गोड झोप लागते," तो म्हणायचा. मी फुगायचे.

औंदा मात्र रुपाबाईनं विहिरीजवळ मेथी पेरली. मेथी वीतभर झाली आणि मुकादमाचा निरोप आला.

"मी नाही येत," रुपाबाई म्हणाली. "मेथी बाजारात नेतो. तिच्या मांगं वांगे लावतो."

"मेथीवर पोट भरते काय?" मदनसिंग कावला. "अन तू नाही आली त मले एकट्याले कोन नेते?"

खरंच होतं ते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला मुकादम ट्रकमध्ये चढू देत नाही. आणि दोघं गेले असते, तर मेथी वाफ्यातच पिवळी पडली असती.

ट्रक आला. मदनसिंगनं मला उचलून ट्रकवर टाकलं. मग मी काय केलं? वारा बोलावला! जऊळका गावाकडून येणाऱ्या वाऱ्याशी माझी जुनी ओळख. त्यानं मला अलगद उचललं. खाली तुरीची पिवळी फुलं, शेजारून बगळे, मध्ये मी. तरंगत मेथीच्या वाफ्यात उतरले, सगळ्या जुड्या पोटाशी घेतल्या आणि थेट मंगरूळपीरच्या बाजारात! माझ्यामागे रुपाबाई, तिच्यामागे मदनसिंग. मुकादम ओरडतोय, "अबे, कोयता पयाला!" शेवटी कंटाळून ट्रक निघून गेला. म्हणून सांगते मित्रांनो, ताडपत्रीला जपा. उन्हात टाकू नका, उंदरांपासून सांभाळा, कारण एखाद्या घराचं अख्खं वर्ष तिच्या—

"कायची उडते वं तू!" बाजूला मेथीच्या जुड्या बांधत बसलेली रुपाबाई कडाडली. "पोरायले काहीबाही सांगून राह्यली! ट्रक यायच्या आधी, पहाटीच, मीच तुह्यात मेथी बांधून डोक्यावर नेली. मी नाही त कोयता अर्धा, अन तू नाही त कोपीले छप्पर नाही. गेला मुकादम निघून. मांगून हे आले बाजारात तावातावानं भांडाले, अन गिऱ्हाईकाची गर्दी पाहून माह्या बाजूले मेथी इकाले बसले!"