एक लांब घंटी

सोमवार हा धुण्याचा वार, आणि धुण्याचा वार म्हणजे विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत चोवीस बादल्या. एकोणीस वर्षं वेल्मा त्या वाहत होती. सप्टेंबर सरत आला होता, पाऊस कुठे दडी मारून बसला होता कोण जाणे. मका उभ्याउभ्या वाळून खडखडत होता. काळी माती पिठासारखी उडे आणि दोरीवरच्या ओल्या चादरींना जाऊन चिकटे. अमेरिकेत मिसूरीतल्या त्या खोऱ्यात बाईने कितीही धुवावं, वारा तिचं काम वाढवूनच ठेवी.

पण त्या सोमवारी वेल्माला बादल्या जड वाटत नव्हत्या. तीन आठवड्यांपूर्वी तिने कॉफीचा डबा नवऱ्याच्या हातात रिकामा केला होता. चार वर्षांपूर्वी खोऱ्यात वीज आली, त्या दिवसापासून ती अंड्यांचे पैसे त्या डब्यात टाकत आली होती. अंडी डझनाला कधी अडतीस सेंट, कधी पंचेचाळीस. कॉफी पौंडाला नव्वद सेंटांवर गेली तेव्हा तिने घरात भाजलेल्या धान्याचं काळं पाणी प्यायला सुरुवात केली आणि नवऱ्यालाही पाजलं. हे सगळं कशासाठी, तर विहिरीवर विजेचा पंप आणि स्वयंपाकघरात एक नळ. पंपाच्या दुकानात बाईमाणसाशी धड कुणी बोलत नाही, म्हणून पैसे हार्लनकडे दिले. तो शहरात जाऊन आला आणि म्हणाला की सांगून आलोय, माल महिनाभरात येईल. वेल्माने त्या रात्री नळ कुठल्या भिंतीवर हवा तिथे कोळशाने फुली मारली.

दहाच्या सुमाराला धुरळा उडवत एक ट्रक अंगणात शिरला. वेल्मा हात न पुसताच धावली. ट्रकमधून दोन माणसं उतरली. तिने त्यांना श्वास घ्यायची फुरसत दिली नाही.

"विहीर त्या तुतीच्या झाडामागं हाय. तिथनं सरळ खणत आलात की स्वयंपाकघर. फुली मारून ठेवलीया बघा भिंतीवर."

त्यातल्या थोराड माणसाने टोपी मागे सारली आणि आपल्या जोडीदाराकडे पाहिलं.

"खणायचं कशाला, बाई? आम्हाला शिडी तेवढी द्या. छपरावर एरियल बसवायचाय."

मग त्यांनी ट्रकच्या मागून गोधडीत गुंडाळलेली एक पेटी उतरवली. पुढून काच, बाजूने चकचकीत लाकूड. टेलिव्हिजन होता तो. वेल्माच्या कोपरांवरून साबणाचं पाणी गळत होतं.

हार्लन शेतातून आला तो नवरदेवासारखा हसत. माणूस वाईट नव्हता, हेच खरं दुखणं. दारू नाही, मारहाण नाही. त्याला फक्त चारचौघांनी आपल्या दारात यावं असं फार वाटे, आणि त्याच्या दारात येण्यासारखं आजवर काही नव्हतं. शहरात त्याने दुकानाच्या काचेतून कुस्ती पाहिली, पंचवीस माणसं फुटपाथवर उभी राहून पाहत होती, आणि गडी तिथेच विरघळला.

"विहीर कुठं पळून चाललीया का?" तो म्हणाला. "पंप फुडल्या साली बसवू. शनवारी बघ, समदं खोरं आपल्या घरी येतंय का न्हाई."

"ते माझ्या अंड्यांचं पैसं व्हतं, हार्लन."

"घराचंच की. मी काय माझ्या एकट्यासाठी आणलाय?"

वेल्मा वळली आणि राहिलेलं धुणं पिळायला गेली. आठ बादल्या अजून आणायच्या होत्या, त्या तिने आणल्या. मग अॅप्रन खुंटीला लावला आणि अर्धा मैल चालत ओपलच्या घरी गेली.

ओपल ही तिची जिवाभावाची. त्या काळी कोंबड्यांचं खाद्य छापील सुती कापडाच्या पोत्यांतून येई आणि बाया पोती उसवून झगे शिवत. एका झग्याला एकाच नक्षीची तीन पोती लागत. ती जमवायची म्हणजे दुकानाच्या गोदामात नवऱ्याला पन्नास पोती उचलायला लावून तळातलं हवं ते पोतं काढायचं. मागच्या साली वेल्माला निळ्या फुलांची दोनच मिळाली, तर ओपलने आपल्या चारांतलं एक काढून दिलं. दोघींनी एकसारखे झगे शिवले. चर्चमध्ये लोक त्यांना जुळ्या म्हणू लागले. त्या दिवशी वेल्माच्या अंगावर तोच झगा होता.

ओपलने तिला बसवलं, पुढ्यात सफरचंदाच्या पायचा तुकडा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. मधूनमधून अरेरे म्हणाली. पाठीवर हात फिरवला. वेल्माला जरा हलकं वाटायला लागलं. मग ओपल म्हणाली, "जाऊ दे गं. निदान अक्रोडाच्या लाकडाचा तरी आणला. साधा घेतला असता तर तुझ्या बैठकीत कसा दिसला असता?"

वेल्माने काटा खाली ठेवला.

"मी लाकडाचं कवा बोलले, ओपल?"

ओपलचा हात पाठीवरून निघाला. ती उठून उगाच चुलीकडे गेली.

खोऱ्यातल्या नऊ घरांना टेलिफोनची एकच तार होती. प्रत्येक घराची घंटी वेगळी, पण घंटी नऊही घरांत वाजे, आणि ज्याला वाटेल तो रिसीव्हर उचलून दुसऱ्याचं बोलणं ऐकू शके. ऐकत सगळेच. मात्र ऐकतो असं मरेपर्यंत कुणी कबूल करायचं नाही, हा खोऱ्याचा कायदा होता. कुणाची गाय गाभडली, कुणाच्या लेकीला मागणी आली, सगळं सगळ्यांना ठाऊक असे, आणि समोर आल्यावर जो तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा तोंडाचा आ करी. एकटी वेल्मा ऐकत नसे. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं तिला दुसऱ्याच्या ताटात हात घातल्यासारखं वाटे. खोऱ्यातले लोक तिला त्यासाठी जरा बावळटच समजत.

"हार्लननं दुकानात फोन केला व्हता," वेल्मा सावकाश म्हणाली. "मी कोंबड्यांत असताना. तू ऐकलंस."

"मी एकलीनंच न्हाई ऐकलं."

"मग मला कुणी का न्हाई सांगितलं?"

"सांगायचं कसं, वेल्मा? तूच सांग. पल्याडच्या घरच्या एमिल म्हाताऱ्यानं येऊन म्हणायचं, मी तुझ्या नवऱ्याचं बोलणं ऐकलं? की मी म्हणायचं?"

"तू म्हणायचंस," वेल्मा म्हणाली आणि उठली. पायचा तुकडा बशीत तसाच राहिला.

परतताना तिने हिशेब लावला. तीन आठवडे. गेले तीन रविवार चर्चच्या पायऱ्यांवर ती बायांना नळ कुठे बसणार ते सांगत होती. पितळी की पांढरा, यावर ओपलने तिच्याशी वादही घातला होता. आठ घरांतल्या आठ बाया माना डोलवत होत्या, आणि एकीच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. नवऱ्याचा राग तिला ओळखीचा होता, तो तिने एकोणीस वर्षं चुलीत घातला होता. हे नवीन होतं. रस्त्यात तिला रडू आलं, आणि आपल्या अंगावर कुठला झगा आहे हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच चीड आली.

मंगळवारी हार्लन मक्यात गेल्यावर ती भिंतीवरच्या टेलिफोनपाशी उभी राहिली. एक घंटी अशी होती की जी कुणा एका घराची नव्हती. एक लांब, न थांबता. आग लागली, माणूस दगावलं, तरच ती वाजवायची. वेल्माने टेलिफोनच्या बाजूचा घंटीचा दांडा धरला आणि फिरवत राहिली.

एकामागून एक रिसीव्हर उचलल्याचे आवाज आले. आठ झाले तेव्हा ती बोलली.

"मी वेल्मा. आग न्हाई लागली, मयत न्हाई झाली. माझ्या कोंबड्या विकायच्यात. एकशे नव्वद, समद्या अंड्यावरच्या. नगाला सव्वा डॉलर, उधारी न्हाई. शनवारी सांजच्याला खुराडी घेऊन या."

मग हळूच आवाज आला, "वेल्मा, अगं थांब. कोंबड्या गेल्यावर तुझ्या हातात काय राहील?"

"तू बोलू नगंस, ओपल," वेल्मा म्हणाली. "तू लाइनवर न्हाईस. कवाच नव्हतीस."

आणि तिने रिसीव्हर अडकवला.

चार दिवस हार्लन छाती काढून हिंडला. धान्याच्या कोठारावर लोकांनी त्याला टेलिव्हिजनबद्दल विचारलं, शनिवारी येतो म्हणाले, एमिलने तर त्याला सिगार दिली. कोंबड्यांचं कुणी अक्षर काढलं नाही. काढणार कसं? तारेवर ऐकलेलं तोंडावर बोलायची खोऱ्यात रीतच नव्हती. जी मुकी भिंत वेल्माच्या नशिबी आली होती, तीच आता तिच्या कामाला आली.

शनिवारी ऊन कलल्यावर हार्लनने बैठकीत खुर्च्या मांडल्या. त्या पुरणार नाहीत म्हणून खिळ्यांच्या पिंपांवर फळ्या टाकल्या. पेटी लावून ठेवली. चित्रात बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके नाचत होते, पण त्यांतून दोन पैलवान ओळखू येत होते. रस्त्यावर धुरळा उठला, एकामागून एक आठ गाड्या अंगणात आल्या, आणि गड्याचा चेहरा असा फुलला की वेल्माला खिडकीतून बघवेना.

एमिल उतरला. त्याच्या दोन्ही हातांत लाकडी खुराडी होती.

"या की एमिलबाबा, कुस्ती रंगात आलीया," हार्लन दारातून म्हणाला.

"आलोच," असं काहीतरी पुटपुटत म्हातारा घराला वळसा घालून मागे गेला. त्याच्यामागून दुसरा गेला, तिसरा गेला. सगळ्यांच्या नजरा बुटांवर. हार्लन थोडा वेळ दारातच उभा राहिला, मग त्यांच्यामागून आला. वेल्मा कोंबड्यांच्या घरापाशी उभी होती. पाय धरून कोंबड्या काढत होती, हातात देत होती, पैसे अॅप्रनच्या खिशात टाकत होती. पिसं उडत होती. काय चाललंय ते कळायला त्याला थोडा वेळ लागला.

"ह्यांना कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

माणसं खुराड्यांची दारं लावत राहिली.

"एमिलबाबा, तुला कवापासनं ठाव हाय?"

"मंगळवारपासनं," म्हातारा खुराड्याशी बोलला.

"आन् मला एकानंबी सांगू नये?"

"सांगणार कसं, हार्लन?" वेल्मा म्हणाली. "आपल्या लाइनवर कुणी ऐकतच न्हाई."

ओपल सगळ्यांच्या शेवटी आली. निळ्या फुलांचा झगा घालून आली होती, मुद्दामच. तिने सहा कोंबड्या मागितल्या आणि वेल्माच्या तोंडाकडे बघत राहिली. वेल्माने सहा दिल्या, साडेसात डॉलर घेतले, आणि तिच्यामागे आणखी कुणी उभं आहे का ते पाहिलं.

कोंबड्या गाड्यांत ठेवून झाल्यावर लोक शेवटी टेलिव्हिजनपुढे जाऊन बसलेच. आलोच आहोत तर, असं म्हणाले. वेल्माने हार्लनच्या पायाशी दोन रिकाम्या बादल्या आणून ठेवल्या आणि पाहुण्यांना कॉफी लागेल म्हणून सांगितलं. त्याने बादल्यांकडे पाहिलं, बैठकीतल्या लोकांकडे पाहिलं, आणि मुकाट विहिरीकडे गेला. कुस्तीचा शेवट त्याला बघायला मिळाला नाही.

ऑक्टोबरात पंप बसला. या वेळी पैसे वेल्मा स्वतः घेऊन गेली, आणि दुकानदाराने तिच्याशी नीट बोलेपर्यंत हलली नाही. नळ पांढरा घेतला. नळ आल्यावर पहिल्या सकाळी ती जुन्या सवयीने अॅप्रनच्या ओच्यात दाणे घेऊन मागच्या अंगणात गेली आणि रिकाम्या जाळीपुढे उभी राहिली. धावत येणारं कुणी नव्हतं. दाणे चिमण्यांना टाकून ती घरात आली. इतकी शांतता होती की तिने नळ उगाच थोडा वेळ वाहू दिला.

दुपारी टेलिफोन वाजला. तीन आखूड घंट्या, म्हणजे ओपलच्या घरची, तिच्या नव्हे. वेल्माने हात पुसले, जाऊन रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. तो उचलल्याचा आवाज पलीकडे गेला. ओपल बोलता बोलता क्षणभर थांबली, आणि मग कुणीच ऐकत नसल्यासारखी पुढे बोलू लागली.