बॉनबाई

“मेर म्हंजी आई? आमच्यात मेर म्हंजी शेताचा बांध,” साळुबाई म्हणाली आणि वहीवर पिठाचं बोट ठेवून पुढचं अक्षर लावू लागली.

आरतीला ओतूरला दिली, ते साल दोन हजार दोन. लेक सासरी गेली आणि अवसरीच्या घरात साळुबाई आणि भरत एवढी दोनच माणसं उरली. भरत सहावीत असतानाच त्याचा बाप सयाजी विहिरीच्या कामावर असताना वारला होता. भरत आता नारायणगावकडच्या एका द्राक्षवाल्या मालकाकडे सुपरवायझर होता. मालकाचा माल फ्रान्सला जाऊ लागला, तसं त्यानं भरतला दर रविवारी पुण्याला फ्रेंचच्या क्लासला घातलं. आल्यागेल्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलता यावेत, एवढंच मालकाचं म्हणणं.

साळुबाईला अक्षरओळख झाली पन्नाशीला टेकल्यावर, साक्षरतेच्या वर्गात. तेव्हापासून लिहिलेलं काही दिसलं की ते वाचल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एसटीची पाटी, खताची गोणी, औषधाची बाटली, सगळं ती मोठ्यानं वाचायची. भरतच्या वहीत डावीकडे फ्रेंच होतं, मध्ये त्याचा उच्चार मराठी अक्षरांत आणि उजवीकडे अर्थ. डावीकडचं सोडून ती बाकीचं वाचत होती.

धडा होता माणसांच्या स्वभावाचा.

“तेत्यु. हट्टी,” तिनं वाचलं. “ह्यो आळीतला धर्माजी. जीव गेला पर शेतातनं कुनाला वाट सोडली न्हाई. पा-रे-सो. आळशी. ह्यो आपला गेणभाऊ! मेशां. दुष्ट. आता कोनाचं नाव घिऊ?”

“आई, गप बस की. उद्या म्हणून दाखवायचंय मला.”

“काय म्हनून दावायचं?”

“घरातल्या माणसाचं वर्णन.”

साळुबाईनं भाकरीचं पीठ तसंच ठेवलं. “मंग माझं लिवलं का?”

“लिवलंय.”

“वाच की.”

भरतनं नाइलाजानं वाचलं. “मा मेर ए प्रोफेसर. एल ए ग्रांद. एल ए एलेगांत.”

“प्रोफेसर? म्या?”

“म्हणजे आई शिक्षिका आहे. उंच आहे. नीटनेटकी आहे.”

साळुबाईनं स्वतःकडे पाहिलं. कोपरापर्यंत पीठ होतं, आणि उंची तर दाराच्या कडीएवढीही नव्हती. ती हसली. “आरं, ही कोन बया?”

“पुस्तकातली हाय ती. सगळ्यांनी तेच पाठ केलंय.”

“तिचं म्हन तिच्या लेकानं. तू माझं लिव.”

“तुझ्याजोगे शब्द अजून शिकवले नाहीत.”

साळुबाईनं वही ओढून घेतली. बोट खाली खाली नेत ती एका ओळीवर थांबली. “हे बघ. बॉन. चांगली. एवढंच लिव. बाकी काय नगं मला.”

“बरं, लिहितो,” भरत म्हणाला, आणि त्यानं वही मिटली.

नवरा गेल्यापासून ती दुसऱ्याच्या बांधावर खुरपत आली होती, त्यावर भरत बारावी झाला होता. तिला कुणी वाईट म्हटलं नव्हतं; चांगलं म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं. आता एका शब्दाची गोष्ट होती, आणि तो लेकानं म्हणायचा होता.

पुढच्या फेब्रुवारीत द्राक्षांच्या हंगामात फ्रान्सचा पाहुणा आला. भरत त्याला मालकाच्या जीपमधून बागा दाखवत फिरला. दुपारी पाहुण्यानं शेतकऱ्याचं घर बघायचं म्हटलं आणि भरत त्याला घरी घेऊन आला. साळुबाईनं नेमक्या त्या दिवशी मासवड्या केल्या होत्या. ती रश्शाचं पातेलं घेऊन बाहेर आली, तशी ओच्याला शेणाचा हात लागलेला, लुगड्याला दोन ठिकाणी ठिगळ. पाहुणा हसत उठला, तिला हात जोडले आणि भरतला काहीतरी विचारलं. त्यातला एकच शब्द साळुबाईला ओळखू आला. मेर.

भरतची मान झटक्यात हलली. “नों, नों. से ला बॉन.”

साळुबाईनं पातेलं खाली ठेवलं. म्हणाला! परदेशच्या माणसासमोर म्हणाला! पाहुण्यानं आई तापट हाय का म्हणून विचारलं असंल, आणि लेक म्हणाला, न्हाई न्हाई, चांगली हाय. तिनं पाहुण्याच्या ताटात आणखी दोन मासवड्या वाढल्या. पाहुण्यानं सगळ्या खाल्ल्या, बोटंसुद्धा चाटली.

संध्याकाळी ती शेजारच्या इंद्रायणीकडे गेली.

“इंदे, भरत मला बॉन म्हनला.”

“म्हंजी काय गं?”

“चांगली. फ्रेंचात.”

“आगं बया! आमचं येडं मला मराठीत बी म्हनत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी कांद्याच्या काढणीला बायकांत तोच विषय झाला. आठ दिवसांत सगळी आळी तिला बॉनबाई म्हणू लागली. “काय बॉनबाई, दळान झालं का?” “बॉनबाई, जरा विळा द्या.” पोरं अंगणातून ओरडत जायची. साळुबाई मोठ्यानं ‘ओ’ द्यायची.

भरत मात्र हाक ऐकली की ताटावरून उठायचा.

“आई, ते बंद कर सांगायचं.”

“का? तूच म्हनला न्हवं?”

भरत हात धुऊन बाहेर पडायचा. साऱ्या अवसरीत त्या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक असलेला माणूस तो एकटा होता, आणि वर्षभर तो गप्प राहिला.

दोन हजार चारच्या हंगामात तोच पाहुणा पुन्हा आला. या खेपेला पुण्याची एक दुभाषी बाई बरोबर होती. भरतला घरी न्यायचं नव्हतं, पण पाहुण्यानंच मासवडीची आठवण काढली. दोघं ओटीवर बसले. साळुबाई पाणी घेऊन आली, तसा पाहुण्याचा चेहरा खुलला. त्यानं पिशवीतून एक पुडकं काढलं आणि बाईला काही सांगितलं. त्यात बॉन आलं. साळुबाई उंबऱ्यातच हसली.

“हे म्हणतात,” बाई भरतला म्हणाली, “तुमच्या मोलकरणीसाठी ॲप्रन आणलाय. गेल्या वर्षी तिनं फार छान जेवू घातलं होतं. आणि तुमच्या आई कुठायत? त्या शिक्षिका आहेत ना? यंदाही भेटल्या नाहीत.”

भरतनं जमिनीकडे पाहिलं. साळुबाई एकदा त्याच्याकडे आणि एकदा पुडक्याकडे बघत राहिली. मग तिनं पदराला हात पुसले, पुढं झाली आणि दोन्ही हातांनी पुडकं घेतलं.

“बॉन म्हंजी मोलकरीन व्हय?” तिनं बाईला हळूच विचारलं.

“दोन्ही अर्थ होतात. बॉन म्हणजे चांगली, पण ला बॉन म्हटलं की मोलकरीण.” बाई हसली. “मावशी, किती वर्षं आहात इथं कामाला?”

साळुबाईनं लेकाकडे पाहिलं. “ह्यो जल्मला तवापासनं.”

बाईला फार कौतुक वाटलं. “अगंबाई! म्हणजे घरच्यासारख्याच की!”

साळुबाई थांबली. आता एक शब्द पुरे होता, आणि तो मराठीतला होता. भरतनं घसा साफ केला.

“हो,” तो म्हणाला. “घरच्यासारख्याच आहेत.”

साळुबाई आत गेली. तिनं रस्सा गरम केला, दोघांना वाढलं, पाहुण्याला आग्रहही केला. जीप गेल्यावर भरत चुलीपाशी येऊन उभा राहिला.

“आई, मला पाठ केलेलं तेवढंच येत व्हतं. पहिल्या खेपेला जीपमधी पुस्तकातली आईच सांगून बसलो. मास्तरीण, उंच. मग तू आलीस तशी... काय सुचंना.”

“आन आज? आज तर समदी मराठी व्हती.”

“खोटा पडलो असतो गं, बाईम्होरं.”

“तू खोटा पडला असतास,” साळुबाई म्हणाली. “आन मी?”

त्या संध्याकाळपासून तिनं आपली थाळी पडवीत नेली. भरतनं आधी विनवलं, मग आवाज चढवला. एकदा तिच्या हातातली थाळी ओढून आत नेली, तेव्हा ती त्या दिवशी जेवलीच नाही.

“आत ये ना, आई. लोक बघत्यात.”

“कामाच्या बाया भाईरच जेवत्यात,” ती म्हणायची. आवाज चढवायची नाही.

सकाळी ती त्याचा डबा बांधायची, कपडे धुवायची, तो द्राक्षांच्या पॅकहाऊसवर निघाला की मागून दार लावून घ्यायची. त्याच्याशी गरजेपुरतं बोलायची. मालकाची माणसं घरी आली की डोक्यावर पदर घेऊन पाण्याचा तांब्या ठेवायची आणि म्हणायची, “साहेब, आनखी काय लागंल का?” भरतचा चेहरा काळाठिक्कर पडायचा, माणसं गेली की तो तिच्यावर खेकसायचा. हे दोन वर्षं चाललं, आणि दोघांपैकी कुणीच मागं सरलं नाही.

आळीतल्या बायकांना तिनं काही कळू दिलं नाही. त्या हाक मारत राहिल्या आणि ती ‘ओ’ देत राहिली. एकदा इंद्रायणीनं विचारलं, “बॉनबाई, त्या शब्दाचा आर्थ काय सांगितला व्हतास गं? माझी सून इचारीत व्हती.”

साळुबाईनं निवडत असलेल्या पावट्याच्या शेंगांवरून मान वर केली नाही. “चांगली,” ती म्हणाली.

दोन हजार सहाच्या हंगामात साळुबाईला खोकला लागला. मंचरच्या डॉक्टरनं ॲडमिट करायला सांगितलं. भरत म्हणाला, द्राक्षांचा कंटेनर भरला की नेतो. इंद्रायणी पेज घेऊन गेली, तेव्हा ती पडवीतल्या वाकळेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

साळुबाई, सयाजीची बायको आणि भरत व आरतीची आई, मंगळवारी, एकवीस मार्च दोन हजार सहा रोजी सकाळी साडेनऊच्या सुमाराला पडवीतच वारली.